टाकीवरचा उजेड

दिवा आवाज न करता गेला, आणि तेच त्याला जास्त लागलं. एखादी ठिणगी, थोडासा जळकट वास, निदान एवढासा 'टच्', इतकं तरी माणूस मागतो की नाही? जाणाऱ्यानं दाराची कडी तरी वाजवावी. आई वेताच्या खुर्चीत बसून फोनवर ताईशी बोलत होती. "हो गं, ये रविवारी. मी बॅग भरून ठेवते," असं ती म्हणाली, आणि नेमकी तेव्हाच समोरच्या माशांच्या टाकीवरची दिव्यांची अर्धी माळ विझली. अर्धी टाकी पांढरीफटक, अर्धी काळी. मधोमध पाण्यात एक उभी रेघ, कुणीतरी भावाभावांत वाटणी करून दिल्यासारखी. तो चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या की मन बिचारं त्यातली सोपी तेवढी उचलतं. आई चालली, हे त्यानं ऐकलं. दिवा गेला, हे त्यानं बघितलं. आणि मोठ्यानं म्हणाला काय, तर, "हात्तिच्या, पुन्हा गेला!" आईनं फोन मांडीवर ठेवला, टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे रे. बरंय की असंच." तिचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा त्याला वाटला. ताईशी बोलणं झाल्यामुळे असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं; ताईशी बोलली की ती नेहमीच मोकळी मोकळी दिसायची. त्यानं चहाचा घोट घेतला. चहा केव्हाच गार झाला होता.

टाकी खरं तर त्यांची नव्हतीच. आधीचा भाडेकरू जाताना सोडून गेला होता, कोरडी, तळाला पांढरे डाग पडलेली. वर्षभर तिच्यात जुने पेपर आणि पिशव्या होत्या. मग बाबा गेले, आई इकडे राहायला आली, आणि बाहेरच्या खोलीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. त्या खोलीला खिडकी आहे, पण खिडकीबाहेर हात लांबवला की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. तिथं सकाळ आणि दुपार यांच्यात फरक एवढाच की दुपारी भिंतीवरच्या पाइपातून पाणी वाहत नाही. जन्मभर अंगणात, दारात, रस्त्याकडेला उभं राहून जगाशी बोललेली बाई, तिनं इथं बघायचं काय? त्यानं एका सुट्टीच्या दिवशी टाकी घासली, वाळू धुतली, पाणी भरलं, चारदोन बारके मासे आणले आणि एक मोठा, नारिंगी, पोट सुटलेला. तो मोठा सबंध टाकीतून संथपणे फेरी मारायचा, काही करायचा नाही, आणि बाकीचे त्याला वाट द्यायचे. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. "साहेब राउंडला निघाले," ती म्हणायची, आणि हसायची. बाबा गेल्यानंतर ती हसली ती पहिल्यांदा त्या माशाला. हे हसू त्यानं मनात असं जपून ठेवलं जसं कुणी प्रसादाचं फूल पुस्तकात ठेवावं. इथून पुढचं त्याचं सगळं वेड त्या फुलापायी होतं, हे मात्र त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो म्हणाला असता, टाकीला दिवा हवा, खोली अंधारी आहे, बस.

दिवा विकत मिळतो. बायकोनं हे त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. "अहो, सरळ एक तयार झाकण आणा ना दिव्याचं. तुमच्या प्रयोगांपायी साहेब एक दिवस राजीनामा देतील." पण दुकानातल्या त्या चकचकीत झाकणात होतं काय? पत्र्याची पन्हळ, पाचपन्नास दिवे आणि एक अडॅप्टर. आणि तो काय करायचा दिवसभर? तेच! दुकानांवरच्या पाट्या बनवायच्या कारखान्यात तो अक्षरांच्या आत दिवे भरायचा. शहरातल्या निम्म्या औषधांच्या, चपलांच्या, चष्म्यांच्या दुकानांची नावं त्याच्या हातून उजळली होती. त्यानं घरच्या दिव्यासाठी दुकानात जाऊन पैसे मोजायचे म्हणजे न्हाव्यानं दुसऱ्याकडे दाढीला बसण्यासारखं. त्यानं सुरुवात केली ती एका प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणापासून. त्यात भोक पाडून साधा बल्ब बसवला. दोन दिवस सुंदर दिसलं. तिसऱ्या दिवशी झाकण उष्णतेनं मऊ होऊन कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखं वाकलं. मग चिकटपट्टीवाली दिव्यांची पट्टी आणली, काचेच्या झाकणाला आतून चिकटवली. पाण्याची वाफ वर जाते हे पोरासोरांना कळतं, ते त्याला कळलं नव्हतं असं नाही. पण गोंदावर त्यानं विश्वास ठेवला. पट्टी एका बाजूनं सुटली आणि शेपटीसारखी पाण्यात लोंबायला लागली. साहेब तिच्याशी झुंज खेळत होते. आईनं हाक मारली नसती तर काय झालं असतं देव जाणे. बारा व्होल्टची पट्टी, मासा मेला नसता, पण तिच्या तांब्याच्या टोकांना हिरवा गंज चढला आणि ती गेली. तेव्हा त्यानं ठरवलं की आता खेळ बंद. आता आपल्या धंद्यातला माल.

धंद्यातला माल म्हणजे पाटीच्या अक्षरात भरायचे ते बंद दिवे, काडेपेटीपेक्षा लहान, वरून राळ ओतून पाण्यापासून सील केलेले, एकाला एक तारेनं जोडलेली माळ. प्रत्येकावर एक फुगीर भिंग. उजेड सरळ खाली न पडता चहूबाजूंना सांडावा, अक्षराचा कानाकोपरा भरून निघावा, म्हणून ते भिंग. कापाकापीत उरलेले तुकडे कारखान्यात पोत्यात पडून असतात. त्यानं मालकाला विचारलं, मालक म्हणाला, "ने रे, ने." ॲल्युमिनियमच्या पन्हळीत त्यानं ती माळ ओळीनं बसवली, पन्हळ टाकीच्या कडेवर आडवी ठेवली, तार आधी खाली झोल देऊन मग सॉकेटकडे नेली, म्हणजे थेंब ओघळलाच तर झोलाच्या तळाशी गळून पडावा. सगळं नेमकं. सगळं शास्त्रशुद्ध. बटण दाबलं तेव्हा खोली अशी उजळली की बायको आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "अहो, हे काय, ऑपरेशन करायचंय का कुणाचं?" तो हसला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कारण कारखान्यात त्याला शिकवलेली एकच गोष्ट होती. पाटी तयार झाली की मालक स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहायचा, आणि गाड्यांच्या गोंगाटातून हात हलवून ओरडायचा, "घुसत नाही! अजून डोळ्यात घुसत नाही!" मग आणखी दिवे भरायचे. डोळ्यात घुसला तो उजेड. बाकीचा वीज खातो नुसता. कटिंग मशीनवरचा जोडीदार, ज्याला सगळे 'कात्री' म्हणायचे कारण त्याची जीभ मशीनपेक्षा जलद चालायची, तो रोज विचारायचा, "काय लाइटवाले, आज काय केलंत? माशांना गॉगल दिले की नाही?" सगळे हसायचे, तोही हसायचा.

आणि तरीसुद्धा, त्या दिव्यानंतर आई टाकीकडे बघेनाशी झाली. हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं, एखाद्या कुसळासारखं, जे टोचतं पण सापडत नाही. संध्याकाळी तो कामावरून यायचा तेव्हा ती पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरून बसलेली असायची. सकाळीच वाचून झालेला पेपर. खुर्ची भिंतीकडे सरकलेली असायची, कधी तिरकी, कधी टाकीला जवळजवळ पाठ करून. तो बूट न काढताच, न बोलता, मोठ्या मायेनं, खुर्ची पुन्हा टाकीसमोर बरोबर मध्यावर आणून ठेवायचा. "इथून छान दिसतं, आई." ती म्हणायची, "हो हो. छान दिसतं." साहेबही आताशा दगडामागे जाऊन बसायचे. "साहेब रजेवर आहेत," आई म्हणायची, पण आता हसायची नाही. आणि कधी कधी तिच्या डोळ्यांना धार लागलेली असायची. पदरानं टिपायची, पुन्हा पेपर वर करायची. ते बघितलं की त्याला वाटायचं, बाबांची आठवण येत असणार. विचारावं का? काय विचारायचं? आई, रडतेस का? आणि ती हो म्हणाली तर पुढं काय बोलायचं असतं? त्याला असल्या बोलण्याची सवय नव्हती. त्याच्या हातांना सवय होती. मग तो काय करायचा, तर माळेत आणखी दोन दिवे जोडायचा.

माणूस चिडतो कशावर? आपल्याला नको असलेलं झालं म्हणून नाही चिडत तो. आपण जीव ओतून केलं आणि ते लागूच पडलं नाही, ह्यानं चिडतो. देवळाच्या पायरीवर तास तास बसावं आणि आत दर्शन बंद असावं, तसं. तो दिव्यावर चिडायचा, तारेवर चिडायचा, काचेवर धरणाऱ्या हिरव्या शेवाळावर तर फारच; एवढ्या उजेडात शेवाळ माजलं होतं आणि तो रोज उठून काच खरवडत होता. बायकोवर चिडायचा, कारण ती चुकत नव्हती. आईवर मात्र चिडता यायचं नाही. आईवर कुणीच चिडत नव्हतं त्या घरात. बाबांच्या मागं ती इथं आली ती सगळ्यांनी तळहातावर झेललेली. "आई, तू बस." हे त्याचं. "आई, तुम्ही बसा हो, मी आहे ना." हे बायकोचं. ती भाजी निवडायला पुढं झाली की बायको हळूच तिच्या हातातून ताट काढून घ्यायची. कपडे घडी करायला बसली की तो म्हणायचा, "अगं, कशाला? बस निवांत." तिची खुर्ची ती तिचीच, तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही, पाहुणा आला तरी नाही. ह्यात कुणाची काय चूक होती? काहीच नाही. आणि ताई? ताई फोनवर तिच्या अंगावर ओरडायची, फोन कानाला लावलेला असूनही सगळ्या खोलीला ऐकू जायचं: "आई, तू पुन्हा गोळी विसरलीस ना! किती वेळा सांगायचं गं तुला! आणि इकडे ये लवकर, ही कार्टी मला आवरत नाहीत!" आणि आईचा चेहरा फुलून यायचा. ओरडा खाल्ल्यावर फुलणारं माणूस त्यानं दुसरं बघितलं नव्हतं. अर्धी माळ विझली त्या दिवसापासून आठवडाभर त्याला हे गूढ छळत राहिलं, कारखान्यात अक्षरांच्या पोटात दिवे भरता भरता. ताईकडे तिला मिळतं काय, जे इथं नाही? तिथं तर टाकीसुद्धा नाही.

त्या आठवड्यात त्यानं नवी माळ बांधली, जुनीच्या दुप्पट. जुनीतला एक जोड गंजला होता, तेवढा कापून डकवला असता तरी चाललं असतं. पण डकवाडकवी नको, आता शेवटची संधी आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. रविवारच्या आत असा उजेड पाडायचा की आई खुर्चीतून उठायचंच विसरेल. हा विचार मोठ्यानं म्हटला असता तर त्याचा त्यालाच वेडेपणा वाटला असता, म्हणून तो मोठ्यानं म्हणालाच नाही. 'थांब' एवढाच शब्द होता. माणसं दिवसातून शंभरदा म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, लिफ्टकडे धावताना म्हणतात. पण आईला 'थांब' म्हणायचं म्हणजे ती जाते आहे हे आधी कबूल करायचं, आणि ती का जाते आहे हे विचारायचं, आणि उत्तर ऐकायला उभं राहायचं. त्यापेक्षा तारांच्या जोडांना कथिलाचा डाग द्यायचं काम सोपं. तो गच्चीवर बसून डाग देत राहिला. गरम कथिलाचा वास आला आणि त्या वासाबरोबर बाबा आले.

बाबा हातचं काही बाहेर करायला द्यायचे नाहीत. नळ असो, मोटर असो, इस्त्री असो, स्वतः उघडायची. आणि टॉर्च धरायला तो. शाळेतून आलेला, भुकेजलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा, हातात जड पितळी टॉर्च. हळूहळू हात खाली यायचा, टॉर्च भलतीकडे वळायची, आणि मोरीत आडव्या झालेल्या बाबांचा आवाज घर हलवायचा: "डोळ्यात नको मारू! कामावर मार!" किती वेळा ऐकलं असेल हे. त्याला रडू फुटायच्या बेतात आई यायची, त्याच्या हातातून टॉर्च काढून घ्यायची, आणि पदर खोचून स्वतः उभी राहायची. आणि बाबा तिलाही सोडायचे नाहीत. "अगं, इकडे! इकडे म्हटलं ना! कामावर मार!" आई म्हणायची, "मारीन एक टाळक्यात, मग कळेल काम कुठंय ते!" मोरीतून खळखळून हसू यायचं. पाना सुटून खाली पडायचा. हे दोघं भांडतात की काय करतात, ते त्याला लहानपणी कधी उमगलं नाही; एवढंच कळायचं की आता आपल्याला जेवायला मिळणार आणि नळ दुरुस्त होणार. गच्चीवर त्याचा डाग चुकला, कथिलाचा थेंब बोटावर पडला, आणि त्यानं बोट तोंडात घातलं तेव्हा त्याला कळलं की बाबा गेल्यापासून ह्या घरात आईवर असं कुणी ओरडलेलं नाही. हे कळलं आणि तसंच निघून गेलं, समोरून फेरी मारत गेलेल्या माशासारखं. पुढची तार सोलायची होती.

रविवार उजाडला, म्हणजे त्या खोलीत जेवढा उजाडतो तेवढा. बॅग दाराशी होती. बाबांची जुनी निळी बॅग, चेन अर्धी तुटलेली, तिला आईनं सुतळी बांधली होती. ती स्वयंपाकघरात बायकोशी बोलत उभी होती, बायको म्हणत होती, "आई, तुम्ही बसा ना, सगळं झालंय," आणि आई म्हणत होती, "हो गं, बसूनच तर आहे." त्यानं नवी पन्हळ टाकीवर चढवली. वीज बंद करून मागचे जोड तपासले. झोल बरोबर. काचेचं झाकण बसलं. स्क्रू आवळले. घाम कानामागून मानेवर उतरत होता. अडॅप्टरचं बटण खुर्चीच्या मागं, अगदी खाली भिंतीत होतं. वाकला तर कंबर भरून आली. आदल्या दिवशी गच्चीवर उकिडवं बसून बसून ती धरली होती. आणि काहीही विचार न करता तो मागच्या मागं आईच्या खुर्चीत बसला. त्या घरात त्या खुर्चीवर तो कधीच बसला नव्हता. हात मागं घातला, चाचपडून बटण शोधलं, दाबलं.

उजेड त्याच्या डोळ्यांत घुसला. घुसला म्हणजे काय, दोन सुया गेल्यासारखा. क्षणभर त्याला टाकी दिसली नाही, मासे दिसले नाहीत, खोली दिसली नाही. नुसती पांढऱ्या आगीची एक ओळ, आणि डोळे मिटल्यावर तीच ओळ हिरवी होऊन पापण्यांच्या आत. त्यानं हात आडवा धरला. वेताची खुर्ची बुटकी होती. उभं राहिलं तर पन्हळीच्या कडेनं दिवे झाकले जातात आणि खाली पाणी, वाळू, मासे झगमगताना दिसतात. तो नेहमी उभ्यानंच बघायचा. पण ह्या खुर्चीतून नजर पन्हळीच्या खालून वर जाते, आणि पन्हळीत ओळीनं बसलेली ती फुगीर भिंगं, उजेड चहूबाजूंना सांडण्यासाठीच घडवलेली, नेमकी बसणाऱ्याच्या तोंडावर. रस्त्यापलीकडून डोळ्यात घुसावी अशी पाटी त्यानं बांधली होती, आणि हाताच्या अंतरावर आईला बसवलं होतं. रोज. ती खुर्ची हलवायची, तो पुन्हा आणून मध्यावर ठेवायचा. ती पेपर आड धरायची. तिच्या डोळ्यांना पाणी यायचं आणि तो कळवळून आणखी दिवे जोडायचा.

मग, आणि हे त्याला स्वतःलाच अनपेक्षित होतं, त्याला राग आला. "आई!" तो ओरडला. अशा आवाजात त्या घरात तिला कुणी हाक मारली नव्हती. ती आणि बायको दोघी दारात आल्या. तो खुर्चीत, डोळ्यांवर आडवा हात, लालबुंद.

"अगं, बोलायचं ना! दिसत नाही, डोळे जळतायत, हे तोंडानं सांगता येत नाही तुला? मी मूर्खासारखा दिवे लावतोय आणि तू पेपर धरून बसतेस?"

"अहो, असं काय बोलता आईंशी," बायको म्हणाली.

"बोलू दे गं त्याला," आई म्हणाली. ती आणखी पुढं आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सांगणार काय तुला? एवढ्या हौसेनं करतोस. घरी आल्यावर आधी टाकीपाशी जातोस, मग बूट काढतोस. आणि इथं मला कोण काय सांगू देतं? जरा तोंड उघडलं की 'आई, तू बस.' बसले. आता डोळे उघडे ठेवून बसायला सांगितलंस, तशी बसले."

"मग म्हणून चाललीस?"

हा प्रश्न त्याच्या तोंडून निसटला. आईनं टाकीवर ठेवलेला त्याचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, उलटसुलट करून बघितला, जसा कुणी ओळखीच्या माणसाचा हात बघावा. मग म्हणाली, "दिव्यासाठी कुणी घर सोडतं का रे, वेड्या? पण आता हे करायचं काय? आडोसा नको का ह्याला पुढून?"

आडोसा. पन्हळीच्या पुढच्या कडेला खाली उतरणारी पत्र्याची एक पट्टी, ओठासारखी. उजेड तोंडावर यायचा थांबेल आणि सगळा पाण्यात पडेल. पोरानंही सांगितलं असतं. पत्रा गच्चीवर उरलेला होता, तो धावत जाऊन घेऊन आला. कापला. काचेचं झाकण बाजूला काढलं, बटण बंद केलं, आणि त्या बंद बटणाबरोबर खोली पुन्हा तिच्या नेहमीच्या राखाडी अंधारात गेली. स्क्रूची भोकं दिसेनात. "टॉर्च," तो म्हणाला. बायको टॉर्च घेऊन आली, आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी धरते." पण आईचा हात आधीच पुढं झाला होता. तिनं टॉर्च घेतली, पदर खोचला, आणि टाकीच्या बाजूला येऊन उभी राहिली. तो वाकला. पत्रा डाव्या हातानं दाबून धरला, स्क्रू दातांत, मान वाकडी. टॉर्चचा झोत पत्र्यावरून घसरला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत.

"डोळ्यात नको मारू! कामावर मार!"

शब्द बाहेर पडल्यावर त्याला ऐकू आले. आवाज त्याचा नव्हता, किंवा होता आणि आजवर कधी वापरला नव्हता. स्क्रू दातांतून निसटून वाळूत पडला. बायकोनं तोंडावर हात ठेवला. आईच्या हातातली टॉर्च अजून भलतीकडेच होती, त्याच्या कानशिलावर. मग तिचे खांदे हलायला लागले. त्याला वाटलं, रडते. ती हसत होती. पोटापासून, श्वास अडकेपर्यंत. "मारीन एक टाळक्यात," ती म्हणाली, "मग कळेल काम कुठंय ते." आणि झोत बरोबर जागेवर आला, स्क्रूच्या भोकावर, न हलता, जसा चाळीस वर्षं मोऱ्यांमध्ये आणि माळ्यांवर उभं राहून पक्का झालेल्या हाताचाच येऊ शकतो.

त्यानं एक स्क्रू आवळला तोच खाली हॉर्न वाजला. लगेच फोन. आईनं दुसऱ्या हातानं तो कानाला लावला, टॉर्च जरासुद्धा न हलवता. ताईचा आवाज नेहमीसारखा सगळ्या खोलीला: "आई, आले मी! उतर पटकन, गाडी लावायला जागा नाहीये!"

"थांब जरा," आई म्हणाली. "मी ह्याला उजेड धरलाय."

"आता कसला उजेड गं? किती वेळ?"

किती सहज म्हणाली आई, थांब. आईनं त्याच्याकडे बघितलं. पत्रा बसला होता. वाळूतला स्क्रू काढायचा, एवढंच काम उरलं होतं, हात बुडवला की झालं. त्यानं हात बुडवला नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला, आवळून झालेल्या पहिल्या स्क्रूवर ठेवला, आणि तो उलटा फिरवायला सुरुवात केली. पत्रा एका बाजूनं सैल झाला, खडखडला. दगडामागून साहेब बाहेर आले आणि त्या मऊ, पिवळसर झोताच्या कडेनं एक संथ फेरी मारून गेले.

"वेळ लागेल," तो खाली मान घालून म्हणाला. स्क्रू आणखी एक वेढा सुटला. "बराच. तू थांब, आई."

आईनं फोन बायकोच्या हातात दिला. "तिला म्हणावं, वर ये आणि भाजी निवड. आज मी कामात आहे." मग टॉर्च दोन्ही हातांत धरून ती त्याच्या जवळ सरकली.

"थांबते. पण नीट सांग, धरू कुठं?"

"कामावर," तो म्हणाला.